जमिनीखालचा तट

मादाम गाडीतून उतरल्या, डोक्यावरची गवती टोपी एका हाताने दाबून धरली आणि आम्ही बांधलेल्या तटाकडे बघत उभ्या राहिल्या. मी, शिवादादा गवंडी आणि आमची सगळी गँग मागे उभी. आम्हाला वाटलं, खूश झाल्या. तट होताच तसा. पुरुषभर उंच, वर दातेरी चर्या, दोन्ही टोकांना बुरूज. अबुधाबीपासून आत, वाळूच्या टेकड्यांमध्ये, असं काम कुणी केलेलं नव्हतं.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

आमचे मालक पाटणकर साहेब पुढे झाले. "कॅसल वॉल, मादाम."

मादामनी टोपी काढली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"माझ्या कॅसलला अशी वॉल नाही," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "म्हणजे आहे. पण अशी नाही."

पाटणकर साहेबांनी उगाच रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. साहेब चष्मा पुसायला लागले की काहीतरी बिघडलंय, हे गँगमधल्या सगळ्यांना माहीत होतं.

आता हे झालं कसं, ते सांगतो.

मी देवगड तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली. नव्वद सालानंतर दुबईला आलो तो हेल्पर म्हणून. तिथल्या देरा भागातल्या एका खोलीत आम्ही इतके जण होतो की कूस बदलायची तर शेजाऱ्याला सांगावं लागे. तिथून पाटणकर साहेबांच्या लँडस्केप कंपनीत लागलो. कंपनीचं यार्ड रास अल खोरला. कुंड्या उतरवणं, मातीच्या गोणी चढवणं, हे माझं काम. साहेब मूळचे साताऱ्याचे, इंजिनियर. दुपारी चहाला बसले की मला ड्रॉइंग कसं वाचायचं ते शिकवत. का शिकवत, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं आणि त्यांनी बंद केलं तर, ही भीती.

ड्रॉइंग दोन प्रकारचं असतं. एक प्लॅन. म्हणजे वर उडणाऱ्या घारीला जमीन जशी दिसेल तशी. दुसरं सेक्शन. म्हणजे फणस मधोमध कापल्यावर आतले गरे दिसतात, तशी जमीन कापून बाजूने बघायची. कुठली वस्तू किती वर आणि किती खाली, ते फक्त सेक्शनमध्ये कळतं. हे साहेबांनीच मला शिकवलं होतं. आणि ह्या कामात नेमकं हेच आम्ही दोघे विसरलो.

काम असं होतं. एका मोठ्या अरब व्यापाऱ्याचा वाळवंटात मजरा होता. मजरा म्हणजे फार्म. त्यांना आम्ही सगळे अरबाब म्हणायचो, मालक ह्या अर्थाने. अरबाब आपल्या म्हाताऱ्या आईला गुडघ्यांच्या उपचारासाठी फ्रान्सला घेऊन गेले होते. तिथे गावाकडे एका जुन्या कॅसलमध्ये ते राहिले. कॅसलवाल्या कुटुंबाला एवढ्या घराचं छप्पर शाकारणं परवडेना, म्हणून ते पाहुणे ठेवत आणि बाग लोकांना बघायला उघडी ठेवत. ती बाग, तिला ते पार्क म्हणतात, अरबाबांच्या आईला फार आवडली. तेव्हा अरबाबांनी ठरवलं, तसं पार्क आपल्या मजऱ्यावर करायचं. मादाम त्याच घराण्यातल्या सून, आणि स्वतः लँडस्केप आर्किटेक्ट. ड्रॉइंग त्यांनी करायचं, काम आम्ही करायचं.

साहेबांनी मला फोरमन केलं. पहिल्यांदाच. ऑफिसमधल्या एकाने विचारलं, डिप्लोमावाला सोडून आठवी पास कशाला. साहेब म्हणाले, "मला सर्टिफिकेट नको. लक्ष पाहिजे." मी त्या दिवशी घरी लिहिलेल्या पत्रात ह्याबद्दल एक शब्द लिहिला नाही. उद्या काढून घेतलं तर काय, असं वाटत होतं.

ड्रॉइंग कुरियरने टप्प्याटप्प्याने यायची. प्लॅन आला. त्यात पश्चिमेच्या कडेला एक जाड रेघ होती आणि शेजारी लिहिलं होतं, वॉल. सेक्शन मागून येणार होतं. ऑगस्ट लागला. फॅक्स केला, उत्तर नाही. फोन केला, कुणी उचलेना. नंतर कळलं की त्यांच्याकडे ऑगस्टमध्ये अख्खा देश सुट्टीवर जातो. इकडे आमची गँग रिकामी बसलेली. साहेब दोन दिवस त्या रेघेकडे बघत राहिले.

"सावंत, कॅसल म्हणजे काय?"

"किल्ला, साहेब."

"आणि किल्ला म्हणजे?"

"तट, बुरूज."

"तट नसलेला किल्ला तू बघितलायस?"

मी नव्हता बघितला. आमच्या गावासमोर समुद्रात किल्ला आहे, त्याचा तट लाटा खात अजून उभा आहे. साहेबांनी तर कॉलेजच्या दिवसांत सातारा-पुण्याकडचे सगळे किल्ले पायाखाली घातलेले. त्यांनी कपाटातून एक जुना फोटो काढून दाखवला, त्यात ते स्वतः हाफ पँटमध्ये एका बुरुजावर उभे. "असा पाहिजे," म्हणाले. "सेक्शनची वाट बघत बसलो तर थंडी येईल. यल्ला, सुरू करा."

आणि एकदा सुरू झालं म्हटल्यावर गँगला आवरणं कठीण. आमच्यात कोकणातला असो की घाटावरचा, लहानपणी दिवाळीत प्रत्येकाने अंगणात मातीचा किल्ला केलेला. कुणाच्या बुरुजाला किती चर्या, कुणाचा दरवाजा आत वळलेला, ह्यावर शाळासोबत्यांशी भांडणं केलेली. इथे तेच करायला मिळतंय, खऱ्या ब्लॉकचं, आणि त्याचा पगारही मिळतोय. शिवादादा गवंडी आमच्यात वयाने मोठा, मालवणचा, उंचीने सगळ्यांत लहान. त्याने चर्या हाताने घडवल्या. प्रत्येकीला पाकळीसारखा आकार दिला. कुणी सांगितलं नव्हतं. दिवसभर उन्हात काम करून संध्याकाळी तो लांब जाऊन उभा राहायचा आणि नुसता बघायचा.

तर हा तो तट, ज्याच्यासमोर मादाम टोपी काढून उभ्या होत्या.

त्या आम्हाला साइट केबिनमध्ये घेऊन गेल्या. बॅगेतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. उंच निमुळत्या छपरांचं मोठं घर, पायऱ्या, पुढे लांबच लांब हिरवळ. हिरवळीवर मध्येच झाडांचे घोळके, जणू गावातली माणसं गप्पा मारत उभी आहेत. एका बाजूला तळं. आणि लांब, हिरवळीच्या टोकाला, गायी चरत होत्या.

"वॉल शोधा, मिस्टर सावंत," मादाम म्हणाल्या. त्यांचंही इंग्रजी उसनं, माझंही उसनं, त्यामुळे आमचं बरं जमायचं. मला त्याआधी आयुष्यात कुणी मिस्टर म्हटलेलं नव्हतं.

मी शोधली. नव्हती. घराच्या पायरीपासून गायींपर्यंत काहीच आड नव्हतं. ना कुंपण, ना तार. शिवादादाने माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाला, "गायी बांधलेल्यो पण नाय. गवत ठेवतीत काय त्यो?"

मादामनी दुसरा फोटो ठेवला. हा गायींच्या बाजूने काढलेला. त्यात समोर दगडी भिंत होती. चांगली पुरुषभर. एक गाय तिच्यासमोर उभी राहून वर बघत होती.

दोन्ही फोटो एकाच जागेचे होते.

मादामनी हाताच्या बोटांनी टेबलावर करून दाखवलं. हिरवळ जिथे संपते तिथे जमिनीत खंदक. बागेकडच्या अंगाला सरळ उभी भिंत, जमिनीच्या खाली. बाहेरच्या अंगाला हळूहळू चढत जाणारा उतार. गुरं उतारावरून खाली येतात आणि भिंतीशी थांबतात. घरातून बघणाऱ्याला खंदक दिसतच नाही, त्याला वाटतं आपली हिरवळ आणि पलीकडचं रान एकच. फ्रान्समध्ये ह्याला लांडग्याची उडी म्हणतात, त्या म्हणाल्या. मग त्यांनी बॅगेतून गुंडाळी काढली. सेक्शन. जाड रेघ होती, पण जमिनीच्या खाली.

पार्कची गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली. आधी तिथे सरळ रेघांची बाग होती, कातरलेली झुडपं, चौकोन. त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांच्याही आधी कुणीतरी ती मोडली आणि रानासारखी दिसणारी बाग केली. प्रत्येक झाड माणसाने लावलेलं, पण बघणाऱ्याला वाटावं की ते आपणहून उगवलंय. मध्ये एका वादळात जुने ओक पडले. मादामनी त्याच जागी रोपं लावली. ती मोठी झालेली आपण बघणार नाही, हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. "घर आमच्या नावावर आहे. पण आम्ही फक्त राखणदार." खंदक गावातल्या लोकांनी खणला होता. त्यांची नावं कुठेच नाहीत. भिंत मात्र अजून पडलेली नाही.

साहेबांनी चष्मा डोळ्याला लावला. "मादाम, चूक माझी आहे. सावंतला मीच सांगितलं बांधायला."

ते मला अजून आठवतं. मोठा माणूस, दोष खाली ढकलायला हाताशी आठवी पास फोरमन उभा, आणि त्याने असं म्हणावं.

मादामनी अरबाबांना साहेबांच्या गाडीतल्या फोनवरून स्वतः फोन लावला. काही लपवलं नाही. मग फोन साहेबांकडे दिला. साहेब नुसते "येस सर, येस सर" करत होते. ठेवल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. अरबाब म्हणाले होते, माझी आई केस पिकेपर्यंत उघड्या वाळूत राहिली. शहरात मी तिला मोठा व्हिला दिला, तर प्रत्येक खिडकीतून तिला कंपाउंडची भिंत दिसते. भिंत नको म्हणून तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही भिंतच बांधलीत. थंडी पडली की आई मजऱ्यावर येणार. तिला बसल्या जागेवरून वाळू दिसली पाहिजे. नाही दिसली तर खलास.

खलास म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ह्या कामानंतर मजऱ्याची देखभाल कायमची आमच्याकडे यायची होती, त्यावर अर्ध्या गँगचे व्हिसा टिकणार होते. ते गेलं तर पोरं कॅन्सल होऊन घरी. आणि पहिला मी. मला तसं कुणी म्हटलं नव्हतं. पण फोरमन पहिला जातो.

दुसऱ्या दिवशी तट पाडायला घेतला. शिवादादा हातोडा घेऊन बुरुजाखाली बसला होता. "काय रे फोरमन, आमी ह्यो तट पाडूकच बांधलो काय?" तेवढ्यात मादाम आल्या. त्यांनी चर्यांवरून हात फिरवला, कोपऱ्याचा बुरूज आतून-बाहेरून बघितला, आणि हे कुणी केलं म्हणून विचारलं. मी शिवादादाकडे बोट दाखवलं. त्या त्याला म्हणाल्या, पंप रूम कुठे लपवायची ते मला सुचत नव्हतं. उत्तरेच्या कोपऱ्यातला हा बुरूज राहू दे, पंप त्याच्यात जाईल. मी हे शिवादादाला मराठीत सांगितलं. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा मादामकडे बघितलं आणि हातोडा उचलून दुसऱ्या टोकाला गेला. बाकीचा तट त्याने स्वतःच पाडला, एकेक ब्लॉक सुटा करून. तेच ब्लॉक खाली वापरायचे होते.

खणणं सोपं वाटत होतं, पण वाळू उभी राहत नाही. मूठभर वाळू वरून सोडली की ढीग होतो ना, त्या उतारावरच ती थांबते. सरळ खड्डा काढायला गेलं की कडा आत येते. म्हणून दुप्पट रुंद खणायचं, आत भिंत बांधायची आणि मागची पोकळी थर देत, पाणी मारत, दाबत भरायची. भिंतीत मध्ये मध्ये भोकं ठेवायची, नाहीतर हिरवळीला घातलेलं पाणी मागे साठून भिंत ढकलतं. भिंतीच्या गिलाव्याचा शेवटचा थर ओला असताना मादाम म्हणाल्या, आपली नावं लिहा. गँग एकमेकांकडे बघायला लागली. मग शिवादादाने खिळ्याने पहिलं नाव लिहिलं. नंतर रांग लागली. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची मी लिहिली. साहेबांचंही लिहिलं. नावं सगळी वाळवंटाकडच्या अंगाला.

मादामची कामाची एक पद्धत होती. मजऱ्यावरच्या घराच्या व्हरांड्यात जिथे अरबाबांची आई बसणार, तिथे त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ठेवून घेतली. त्यांच्या कॅसलचं अख्खं पार्क जेवणाच्या खोलीतल्या एका खुर्चीवरून ठरवलेलं आहे, म्हणे. कुठलं झाड कुठे, हिरवळीची कड किती उंच, सगळं त्या बसलेल्या माणसाच्या नजरेवरून. आई उंचीने अगदी लहान, म्हणून गँगमधला सगळ्यांत लहान माणूस खुर्चीत बसवायचा. तो शिवादादा. लेव्हल मशिनने मी आकडे घ्यायचो, पण शेवटचा शब्द खुर्चीवरून यायचा. पहिल्या दिवशी तो लाजला. तिसऱ्या दिवशी पायावर पाय टाकून हुकूम सोडायला लागला. "कड अजून वर... खंदक दिसता अजून... आता गेलो खंदक." गँगने त्याचं नाव अरबाबीण ठेवलं. त्याला ते आवडायचं, असा माझा संशय आहे.

एका दुपारी खुर्चीत बसून त्याची कंबर भरली. तो खाली उतरला आणि मांडी घालून तंबाखू मळायला लागला. मळता मळता म्हणाला, "हयसून काय दिसत नाय रे. नुसती झुडपां."

व्हरांड्यापुढे आम्ही झुडपांचा एक वाफा केला होता. खुर्चीवरून तो नजरेखाली राहत होता. खाली बसलेल्याला मात्र त्याने अख्खं वाळवंट झाकलं होतं.

म्हातारी खुर्चीवर बसेल, असं कुणी सांगितलं होतं? आमच्या घरीही आजी कधी खुर्चीवर बसली नाही. मी धावत खान चाचाकडे गेलो. हा बलुची म्हातारा मजऱ्यावरचे उंट सांभाळायचा, अरबाबांच्या घराला तो पूर्वीपासून ओळखत होता. मी विचारलं तर तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघायला लागला. "कुर्सी पे? अम्मा? अरे, वो तो सोफे पे भी नहीं बैठतीं. कालीन बिछाते हैं, उसी पे."

मादामना सांगायला मी कचरत होतो. सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की त्यांना टोपी काढावी लागली. नंतर त्या स्वतः शिवादादाशेजारी फरशीवर बसल्या, मला दुसऱ्या बाजूला बसवलं, आणि आम्ही तिघांनी बराच वेळ समोर बघितलं. वाफा दोन्ही बाजूंना हलवला. खंदकाचं काही करावं लागलं नाही. नजर खाली आली की तो आणखीच लपतो.

एवढं झालं आणि वारा सुटला. तिकडे शमाल म्हणतात, उत्तरेकडून येतो आणि आला की दिवसेंदिवस वाहतो. थांबला तेव्हा खंदक अर्ध्याहून जास्त भरला होता. एका जागी तर काठोकाठ. त्या वाटेने खान चाचाचे उंट चालत आले आणि नव्या हिरवळीवर उभे राहून चरले. सकाळी आम्ही आलो तर गवताच्या जागी ठिगळं. खान चाचा हात जोडत होता, त्याची काय चूक. आई आठवड्यात येणार होती.

वाळू शॉवेलने काढता येते. पण पुढच्या वाऱ्याला परत तेच. साहेबांनी चष्मा पुसायला काढला. मादाम मात्र खान चाचाच्या झोपडीकडे बघत होत्या. झोपडीच्या वाऱ्याकडच्या बाजूला त्याने खजुराच्या झावळ्या ओळीने रोवल्या होत्या. झावळ्यांपाशी वाळूचा ढीग, आणि आत अंगण स्वच्छ.

"आमच्या समुद्रावर असंच करतात," मादाम म्हणाल्या. "काटक्यांचं."

खान चाचाला मी ते हिंदीत सांगितलं. त्याने खांदे उडवले. वाळू सगळीकडे वाळूच, असं काहीतरी म्हणाला.

मग आम्ही बाहेरच्या टेकड्यांच्या खोलगट भागात झावळ्यांच्या ओळी रोवल्या. वाळूला पडायचंय तर तिथेच पडू दे. झावळ्या मजऱ्यावरच्याच खजुरांच्या. अट एकच, व्हरांड्यातून एकही टोक दिसता कामा नये. शिवादादा फरशीवर मांडी घालून बसला, मी टेकडीवर झेंडा घेऊन, आणि तो ओरडायचा तसं आम्ही रोवायचो. खंदक साफ केला, गवताला ठिगळं लावली. झाडांचे घोळके होते तसेच होते. मादामनी ओकच्या जागी तिथली गाफची, म्हणजे आपल्या शमीची, आणि बोरीची झाडं घेतली होती. गाफला वारा काही करत नाही.

आई आली तो दिवस दिवाळीच्या आसपासचा होता. हवेत पहिला गारवा. गाड्या थांबल्या. अरबाबांनी हात धरून तिला उतरवलं. काठी, तोंडावर सोनेरी झाक असलेला जुन्या पद्धतीचा, मुखवट्यासारखा बुरखा, उंचीला खरंच शिवादादाएवढी. खान चाचाने व्हरांड्यात गालिचा अंथरला. खुर्ची तिथेच होती. तिने काठीने खुर्ची जरा बाजूला सारली आणि गालिच्यावर बसली. मादामनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, नाहीतर हसू आलं असतं.

आम्ही सगळे पंप रूमच्या बुरुजाशी उभे. आई समोर बघत होती. हिरवळ, गाफची झाडं, आणि पुढे एकदम वाळू, टेकडीमागे टेकडी, मध्ये काही नाही. 

तेवढ्यात टेकडीवरून एक उंट उतरला. सरळ हिरवळीकडे चालत यायला लागला. आईने काठी उचलली आणि खान चाचाला अरबीत काहीतरी म्हणाली. पुढे त्याने सांगितलं, ती म्हणत होती, हटव त्याला, लोकांनी एवढं गवत केलंय ते खाईल. अरबाब म्हणाले, राहू दे आई, बघ.

उंट आला. खाली उतरत गेला तसे पाय दिसेनासे झाले, मग पोट, मग मदार. हिरवळीच्या कडेला तो थांबला. भिंत लागली होती. मी श्वास सोडला.

आणि हिरवळीच्या टोकातून हळूहळू एक मान वर आली. नुसती मान आणि डोकं, जमिनीतून उगवल्यासारखं. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि कडेचं गवत तोंडभर ओढून घेतलं.

कुणी हललं नाही. साहेबांचा हात चष्म्याकडे गेला. मी मनात बॅग भरायला घेतली.

म्हातारी हसायला लागली. आधी खांदे हलले, मग काठी हलली, मग ती गालिच्यावर हात आपटून हसली. उंट चघळत तिच्याकडे बघत होता. अरबाबांनी तिला असं हसताना किती वर्षांनी बघितलं, कोण जाणे. ते उठून बुरुजाशी आले, साहेबांचा हात हातात घेतला आणि मग माझाही घेतला.

मादाम माझ्या कानाशी म्हणाल्या, "आमच्या गायींची मान एवढी लांब नाही."

देखभालीचं काम आम्हाला मिळालं. कुणी कॅन्सल झालं नाही. आईने हुकूम दिला होता की उंटाला कडेचं गवत खाऊ द्यायचं, त्यामुळे मेंटेनन्सच्या शेड्यूलमध्ये ती एक कड कापायचं काम कधी घालावं लागलं नाही. बुरुजात पंप बसला. त्या दिवाळीला शिवादादाने वरच्या चर्येत पणती लावली, अरबाबांची परवानगी काढून. अबुधाबीकडच्या वाळवंटात फ्रान्सचं पार्क आणि त्याच्या कोपऱ्यात मालवणी हाताचा एक बुरूज. आमच्याही कामाचं तिथे काही राहिलं.

पुढे मी सुपरवायझर झालो. नवीन पोरांना ड्रॉइंग शिकवायची वेळ आली की मी ही गोष्ट सांगतो आणि शेवटी दोन गोष्टी लिहून घ्यायला लावतो. सेक्शन हातात आल्याशिवाय खोरं उचलायचं नाही. आणि गिऱ्हाईक कुठे बसतं ते विचारायचं.

नावांचं पोरं विचारतात. आहेत अजून. बागेत बसलेल्याला ती दिसत नाहीत, त्यासाठी खाली उतरून वाळवंटाकडून यावं लागतं. उंटांना रोज दिसतात.